जाहिरातीत न मावलेलं जव्हार-मोखाडा

मी जव्हारचा. मुंबईहून टीव्हीच्या जाहिराती करायला येणाऱ्यांना आमच्याकडच्या जागा शोधून द्यायच्या, गावाची परवानगी काढायची, माणसं जमवायची, हे माझं काम. जाहिरात अर्ध्या मिनिटात संपते. पण तेवढ्यासाठी ट्रकभर सामान आणि बसभर माणसं डोंगरात येऊन राहतात. त्यामुळे जाहिरातीत न मावलेलं बरंच काही माझ्याकडे उरतं. संध्याकाळी टपरीवर बसलो की मित्र विचारतात, या वेळी काय झालं? म्हणून सांगायची सवय लागली.

*

आमचे दिग्दर्शक केदार सर. माणूस सज्जन, पण त्यांना गाव हवं असतं ते त्यांच्या डोक्यातलं. एकदा चहाची जाहिरात होती. शहरातला नातू आजीकडे येतो, एवढीच गोष्ट. साखरशेत गावातलं देवरामचं घर त्यांना पाहताक्षणी आवडलं. कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेल्या, वर जुनी कौलं. फोटो काढून झाल्यावर देवरामला त्यांनी तीनतीनदा बजावलं, याला अजिबात हात लावू नका.

क्लायंटने फोटो पसंत करेपर्यंत महिना गेला. आम्ही सगळा लवाजमा घेऊन पोहोचलो, तर घर जागेवर नाही. देवरामचं घरकुल मंजूर झालं होतं. विटांच्या भिंती छातीपर्यंत आल्या होत्या. देवराम हसतहसत पुढे आला.

"सायेब, तुमाला घर आवडला होता ना? आता बघा, स्लॅबचा होतो!"

केदार सर दगडावर बसले. त्यांना बिचाऱ्यांना रागावताही येईना. दुसऱ्या दिवशी सकाळी क्लायंटची माणसं यायची होती. सरांची असिस्टंट तन्वी मागे चक्कर मारून आली आणि म्हणाली, घर आहे. जुन्या घराचं दार, कूड आणि कौलं वापरून देवरामने मागे शेळ्यांसाठी गोठा बांधला होता. शेळ्या बाहेर काढल्या, जमीन सारवली, दाराला तोरण बांधलं, पुढे तुळस ठेवली. नातू वाकून आत गेला आणि आजीच्या हातचा चहा प्यायला. टीव्हीवर फार सुंदर दिसलं ते घर.

देवरामची बायको आता पाहुण्यांना सांगते, "आमच्या बकऱ्या टीव्हीवाल्या घरात राहतात. आमी आपली साध्या घरात."

*

खोडाळ्याच्या रस्त्यावर इंजिन ऑइलची जाहिरात होती. प्रवासी जीप वळणावरून झोकात येते, असा शॉट. आम्ही रस्त्यावरचीच एक जीप थांबवली. बाजाराला निघालेले प्रवासी खाली उतरून कडेला उभे राहिले. ड्रायव्हरने केस विंचरले आणि मोकळी जीप वळणावरून आणली. दोनदा आणली, तीनदा आणली. केदार सरांना काही ते पटेना.

कडेला उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या बाबांना त्यांनी सहज विचारलं, काय चुकतंय हो? बाबा म्हणाले, "मोकळी जीप इकडं कवा येत नाय. आली त लोकांना वाटल, बंद पडणारी हाय."

केदार सरांनी सगळ्यांना परत आत बसवलं. आत मावले नाहीत ते मागे लटकले. शॉट झकास झाला. क्लायंटने तो पाहिला आणि म्हणाला, छान आहे, फक्त नियमात बसत नाही. शेवटी टीव्हीवर नुसता ऑइलचा डबा आला.

*

मोखाड्याजवळ यमुनाताई राहतात. नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, बिस्किटांच्या जाहिरातीत त्या भाकरी थापताना दिसणार होत्या. शूटिंग झालं, सगळ्या पाड्याला कळलं. जाहिरात लागली त्या दिवशी ज्याच्याकडे टीव्ही त्याच्याकडे गर्दी झाली. थापणारे हात यमुनाताईंचे, पण वर चेहरा मुंबईच्या कुठल्या तरी मॉडेलचा. यमुनाताईंच्या नवऱ्याने बांगड्या ओळखल्या, म्हणून कळलं तरी.

शेजारणी चिडल्या. मला बोलावून घेतलं, तक्रार करा म्हणाल्या. यमुनाताईच म्हणाल्या, राहू द्या, बाई दिसायला बरी आहे.

मात्र तेव्हापासून सासूने भाकरीला नावं ठेवली की त्यांचं उत्तर तयार असतं, "टीव्हीत चालली, तुमाला नाय चालत?"

*

वावर गावाच्या पुढे आमच्याकडच्या वांगणीला फोन कंपनीची जाहिरात होती. डोंगरावर उभा राहून बाप दूरच्या मुलीशी बोलतो. मुंबईचा नट घाटात गाडी लागून आडवा झाला. केदार सरांची नजर बघायला जमलेल्यांतल्या लहानूबाबांवर गेली. चेहरा हवा तसा होता. तन्वीने त्यांच्या हातात फोन दिला. आवाज घेणार नाही, वर गाणं येईल, तुम्ही नुसतं बोला, असं समजावलं.

लहानूबाबांनी फोन उलटसुलट पाहिला. "पण इथं रेंज नाय."

"नसू दे. मुलगी आहे ना तुम्हाला? तिच्याशी काय बोलायचं असेल ते बोला."

जमलेले लोक एकमेकांकडे पाहू लागले. मला कारण नंतर कळलं. त्यांची मुलगी सविता कामाला वाडा तालुक्याकडे गेली आणि तिकडेच स्वतःच्या मनाने लग्न करून राहिली. परत या दारात येऊ नको, असा बाबांनी निरोप पाठवला होता. नातवाचं तोंडही त्यांनी पाहिलं नव्हतं.

कॅमेरा सुरू झाला. बाबांनी फोन कानाला लावला. मग हळू आवाजात आपल्या बोलीत बोलू लागले. केदार सरांना त्यातलं काही कळत नव्हतं, मला कळत होतं. पोर कोणासारखं दिसतं, असं त्यांनी विचारलं. रागात बोललो, म्हणाले. मग, घर तुझंच आहे, ये. बोलताबोलता ते रडू लागले. केदार सर कट म्हणायचं विसरले.

बाबांनी फोन धोतराला पुसून तन्वीला परत दिला आणि घरी गेले.

जाहिरात टीव्हीवर आली. काही आठवड्यांनी मी दुसऱ्या कामाला वांगणीला गेलो, तर लहानूबाबांच्या ओट्यावर सविता बसलेली. शेजाऱ्यांच्या टीव्हीवर तिने बापाला रडताना पाहिलं आणि पोराला घेऊन निघाली. वर नुसतं गाणं होतं, तिला एक शब्द ऐकू आला नव्हता. तिने मला विचारलं, "दादा, बाबा काय बोलत होते?"

मी बाबांकडे पाहिलं. नातू त्यांच्या मांडीवर होता. ते म्हणाले, "तुला काय करायचा? आलीस ना."

मी निघालो, तेव्हा ते रस्त्यापर्यंत सोडायला आले. आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, तुमची पुढची जाहिरात कवा? मी म्हटलं, अजून ठरलं नाही. का हो?

"माझा पोरगा सुरतला असतो. तो पण घरी येत नाय."