पोकळ डूल

यंत्रातून दागिना बाहेर येतो तेव्हा तो दिसतच नाही, सोन्याच्या भुकटीत पुरलेला असतो. लेझर भुकटीचा एकेक पातळ थर वितळवत डूल रचत जातो, आणि पोकळ डुलाच्या आत न वितळलेली भुकटी अडकून बसते. ती बारीकशा भोकातून झटकून काढायची, मग डूल कानाशी धरून हलवायचा. आत जरा जरी सळसळलं तरी पुन्हा झटकायचा. हे काम दोघी जावांमधल्या थोरलीचं. अख्ख्या कारखान्यात तिला कानसेन म्हणत, आणि तीही काही कमी मिरवत नसे.

आज मात्र कानसेनबाईंची पंचाईत झाली होती. गेले काही महिने कान दगा देत होते. घरी टीव्हीचा आवाज वाढवून, इथे ऐकू न आलेलं हसण्यावारी नेऊन तिनं कसंबसं निभावलं होतं. पण या डुलाच्या आत जाळी होती, भुकटीला लपायला कोपरेच कोपरे. तिनं तो कानाशी धरून हलवला. काही नाही. पुन्हा हलवला. काही नाही. आता डूल रिकामा, की आपला कानच गेला?

भट्टी तापत आली होती. डुलात भुकटी राहिली तर भट्टीत तिच्या गुठळ्या होणार, त्या भोकातून काही केल्या निघणार नाहीत, आणि घालणारीच्या कानाशी जन्मभर खुळखुळा. एवढीशी भुकटी वजनकाट्याला कळत नाही. असा एक जरी डूल परत आला तरी थोरलीची खुर्ची गेलीच म्हणायची.

पलीकडे धाकटी जाऊ उरलेली भुकटी चाळत होती. दोघींचा छत्तीसचा आकडा. धाकटी नवीन असताना तिच्या हातून एका अंगठीत भुकटी राहिली, तेव्हा थोरलीनं सगळ्यांसमोर विचारलं होतं, "कानांत बोळे घालून बसतेस का गं?" तेव्हापासून धाकटी चाळणीवर आणि घरातलं बोलणं कामापुरतं.

तिच्यापुढे जायचं म्हणजे आपणहून नाक घासायचं. थोरलीला भीती वाटत होती, त्याहून जास्त लाज. तरी ती उठली.

"हा जरा ऐक."

धाकटीनं डूल हलवला. "आहे आत."

थोरलीनं खाली कागद धरून डूल टकटक ठोकला. कागदावर काहीच पडलं नाही.

"अजून आहे, ताई."

ही बया सूड उगवतेय, थोरलीच्या मनात आलं. तिकडे भट्टीवाला दारात येऊन उभा राहिला. तिनं डूल तिरका धरून पुन्हा ठोकला, आणि कागदावर चिमूटभर सोनं सांडलं.

"आता रिकामा," धाकटी म्हणाली.

तेवढ्यात मालकीणबाई भट्टीत जाणाऱ्या दागिन्यांची ताटली न्यायला आल्या. "नीट ऐकलंत ना, कानसेन?"

"हिनं ऐकला," थोरली म्हणाली. "मला ऐकू येत नाही. बरेच महिने झाले."

मालकीणबाईंचा चेहरा उतरला. "म्हणजे इतक्या महिन्यांत गेलेले सगळे दागिने..."

असे किती गेले, थोरली मनातल्या मनात मोजू लागली.

"ते मी ऐकलेत," चाळणी हलवतच धाकटी म्हणाली. "ताटली माझ्या टेबलावरूनच भट्टीकडे जाते. ज्यांत भुकटी राहिली होती, ते मी झटकले."

थोरली तिच्याकडे वळली. "मग बोलली का नाहीस?"

"सगळ्यांसमोर?" धाकटी म्हणाली.