उशी दाबून हसणं

शेजारच्या खाटेवरचे जाधवकाका हर्नियाच्या ऑपरेशननंतर दोन दिवस निपचित पडून होते. दुखतंय का विचारलं की "बरंय" म्हणायचे आणि खोकला आला की ओठ मिटून दाबून टाकायचे. शेवटी सिस्टर रागावल्या.

"काका, सोसून कुणाला दाखवायचंय? दुखलं की लगेच सांगा, औषध देते. आणि खोकताना ही उशी टाक्यांवर घट्ट धरा."

आपल्याकडे सोसण्याचं भलतंच कौतुक. दुखतंय म्हटलं की जणू आपली पत गेली! माझ्याही पोटावर टाके होते आणि मीही दात आवळून "ठीक आहे" म्हणत होतो. काकांनी मात्र त्या दिवसापासून बिनदिक्कत सांगायला सुरुवात केली.

आज सकाळी काकू डबा उघडता उघडता घरच्या मांजराची फजिती सांगू लागल्या आणि मधेच थांबल्या. "नको, तुम्ही हसाल आणि टाके दुखतील."

काका सावकाश उठून बसले. त्यांनी उशी ओढली, दोन्ही हातांनी पोटाशी धरली आणि लढाई जिंकून आल्यासारखे म्हणाले, "हं, आता सांग."

मीही घाईघाईनं माझी उशी पोटावर घेतली.