ह्यातली म्हस कुठली?

आमच्या थोरल्या साडूंना आजवर कोणीही फसवू शकलेलं नाही. हे मी कौतुकानं सांगतोय की वैतागानं, ते माझं मलाही नीट कळत नाही, कारण त्यांच्या या गुणापायी कोल्हापुरातल्या निदान दीडशे माणसांचा वेळ मातीमोल झालेला आहे आणि त्यातला बराचसा माझा आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. उद्यमनगरात एका पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचे दोन लेथ होते. त्यांवर ते पाण्याच्या पंपांचे सुटे भाग कातत, आणि शर्टाच्या खिशात लोक पेन ठेवतात तिथं व्हर्नियर कॅलिपर ठेवत. हे मोजायचं हत्यार कुठंही बाहेर निघे. लग्नाच्या पंगतीत जिलेबीच्या वेढ्याची जाडी मोजताना मी त्यांना पाहिलंय. माझ्या साखरपुड्यात तर बोटात जायच्या आधी त्यांनी माझी अंगठी मागून घेतली, उलटसुलट मोजली आणि सगळ्यांदेखत सासऱ्यांना सांगितलं, "सोनारानं एका अंगाला अर्धा मिलीमीटर खाल्लाय." तेव्हा आमची ओळख होऊन वीस मिनिटंही झाली नव्हती.

कोल्हापुरात कट्ट्यावर दूध प्यायची रीत आहे. संध्याकाळी म्हशी रस्त्याकडेला येऊन उभ्या राहतात, गवळी तुमच्यासमोर धार काढतो आणि फेसाळलेला पेला हातात देतो. सगळं शहर पेल्याकडे बघत उभं असतं. आमचे साडू म्हशीकडे बघत उभे असत. नुसते उभे नव्हेत, चांगले वाकून. शेडवरून घरी जाताना हा त्यांचा रोजचा नेम होता. गवळी त्यांना वीस वर्षं ओळखत होता, तरी त्यांचं वाकणं काही सुटलं नाही. त्यांचं जगण्याचं सगळं शास्त्र या वाकण्यात होतं. "पावणं, म्हस दिसली तर दूध खरं," ते मला म्हणत. "न्हाईतर पेल्यात काय बी असतंय."

नव्वदच्या दशकात आमच्या गावात पैसे दुप्पट करून देणाऱ्यांचं पेवच फुटलं होतं. कोणी सागवानाची झाडं विकत होतं, कोणी शेळ्या, कोणी सोन्याचं नाणं घेऊन आपल्याखाली दोन माणसं जोडायला सांगत होतं. या सगळ्यांच्या सभांना साडू न चुकता जात आणि मला सोबत नेत. मी जायचो तिथल्या बटाटेवड्यांसाठी. ते मात्र पहिल्या रांगेत बसून सगळं भाषण मनापासून ऐकत, टाळ्याही वाजवत. वक्त्याला वाटे, हा मासा गळाला लागला. मग प्रश्नांची वेळ आली की साडू उठत आणि शांतपणे विचारत, "सायेब, समदं पटलं. फकस्त ह्यातली म्हस कुठली, तेवढी दावा." सागवानवाल्यानं बिचाऱ्यानं खरंच दाखवायचं मनावर घेतलं. आम्हाला जीपमध्ये घालून तो गारगोटीच्या पुढं डोंगरात घेऊन गेला. तिथं नडगीएवढी रोपं वाऱ्यावर डोलत होती. साडूंनी खाली बसून एका रोपाला कॅलिपर लावला. "अकरा मिलीमीटर," ते म्हणाले. "ह्याचं दार कराय माझ्या पणतवाला बोलवा."

अशा माणसाच्या एकुलत्या एक मुलीनं बारावीच्या निकालादिवशी पेढा हातात धरून जाहीर केलं की तिला पायलट व्हायचंय, विमानाचा. आमच्या बायकोनं पेढा तोंडात असतानाच "अगं बाई" म्हटलं. मेहुणीबाई स्वयंपाकघरात निघून गेल्या. कोल्हापूरच्या विमानतळावर त्या काळी विमानापेक्षा चरायला आलेली जनावरं जास्त दिसायची, तेव्हा मुलीच्या डोक्यात हे कुठून शिरलं याचा शोध सगळे हसत घेऊ लागले. एकटे साडू तेवढे हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "लायसनला काय लागतंय?"

"परीक्षा, मेडिकल आणि दोनशे तासांचं उड्डाण," ती म्हणाली.

"म्हंजे तासावर काम हाय," साडू म्हणाले. आयुष्यभर मशीनच्या तासावर मजुरी घेतलेल्या माणसाला हा हिशेब ओळखीचा वाटला. "मग हुतंय की. एकेक तास करायचा."

पण त्या एका तासाचा दर कळला तेव्हा त्यांनी तो कागद दोनदा पुसून पाहिला. शेड, दोन्ही लेथ आणि खुद्द साडू एकत्र विकायला काढले असते तरी निम्मी रक्कम उभी राहिली नसती. बँकेतले साहेब म्हणाले, "ट्रॅक्टर घेत असाल तर आज सही करतो. मुलीच्या विमानाला कसं देणार?" तेव्हा उरला उचगावचा दोन गुंठ्यांचा प्लॉट. भाड्याच्या दोन खोल्यांत संसार करून साडूंनी तो घेतला होता, आणि दर रविवारी ते तिथं जाऊन न बांधलेल्या घराच्या न बसवलेल्या खिडक्यांतून वारा कसा येईल ते मेहुणीबाईंना दाखवत. तो प्लॉट त्यांनी एका आठवड्यात विकला. विकूनही जेमतेम शंभर तासांची सोय झाली.

इथं माझा प्रवेश होतो, आणि तो काही अभिमानानं सांगण्यासारखा नाही. मी शाळामास्तर. आमच्या पेठेतल्या तालमीतला एक पैलवान पोरगा तेव्हा एका कंपनीसाठी ठेवी गोळा करत होता. पंधरा महिन्यांत दामदुप्पट. सागवानवाला परका होता, पण हा आमच्या तालमीतला. त्याला मी लाल मातीत लोळताना पाहिलेलं. ज्याची कुस्ती आपण बघितली त्याच्याबद्दल शंका घ्यायची, हे कोल्हापूरच्या माणसाला जमतच नाही. मी माझी पंचवीस वर्षांची शिल्लक त्याच्याकडे दिली, आणि दर महिन्याला व्याजाचा चेक बिनचूक येऊ लागला. मग मी साडूंच्या मागं लागलो. शंभर तासांचे पैसे इथं ठेवा, पंधरा महिन्यांनी दोनशेचे होतील, पोरीचं शिक्षण मध्ये थांबायचं नाही. मुलीलाही ते पटलं. "पप्पा, सव्वा वर्ष थांबते मी," ती म्हणाली. "अर्ध्यात सोडावं लागलं तर काय उपयोग?"

साडू सभेला आले. पहिल्या रांगेत बसले, टाळ्या वाजवल्या, आणि शेवटी उठून तो प्रश्न विचारलाच. पैलवान ओळखीचं हसला आणि म्हणाला, "मामा, नवीन मेंबर येतच राहत्यात की. त्यांच्या पैशातनं तुमचं व्याज."

"म्हंजे ह्यांचं दूध माझ्या किटलीत आन् माझं त्यांच्या," साडू म्हणाले. "मग म्हस न्हाईच की रं बाबा." सगळं सभागृह हसलं. मी हसलो नाही, कारण मला फार लाज वाटली, आणि ती लाज साडूंची होती. पोरीनं पुढचे दोन आठवडे बापाशी बोलणं टाकलं. तिचं वय, तिची उमेद, सगळं एका म्हशीपायी अडलंय असंच तिला वाटत होतं. मलाही तेच वाटत होतं.

मग विमान शिकवणारी शाळा शोधायची वेळ आली. पहिल्या ठिकाणी ऑफिसातल्या माणसानं चहा दिला आणि सांगितलं, सगळी फी आगाऊ भरली तर मोठी सूट. साडू "इच्यार करतो" म्हणून उठले आणि मैदानाच्या कुंपणाबाहेर चहाच्या गाडीवर तीन दिवस बसून राहिले. ऑफिसातल्या चार्टवर चार विमानं होती. तीन दिवसांत एकच उडालं. एकाच्या पंख्याला गोणपाट बांधलेलं होतं, एकाच्या शेपटीवर चिमणीनं घरटं केलं होतं. चौथं साडूंना दिसलंच नाही. चहावाल्याकडून कळलं की पैसे भरलेली पोरं दोन-दोन वर्षं खोल्या घेऊन नुसती वाट बघतायत. साडूंनी कोल्हापूरला फोन करून मला एवढंच कळवलं, "दोन भाकड, एक दुभती, एक कागदावर."

शेवटी मध्य प्रदेशातल्या एका गावी त्यांना मनासारखी शाळा मिळाली. तिथं दहा तासांचे पैसे भरायचे, ते उडून झाले की पुढचे. ही अट साडूंनीच घातली आणि तिथल्या वृद्ध कॅप्टननं, बहुधा कंटाळून, मान्य केली. पोर गेली. साडूंनी दुसऱ्यांच्या कारखान्यातली कामंही घ्यायला सुरुवात केली. गणपतीत सुट्टी नाही, दिवाळीत सुट्टी नाही. जिलेबी मोजायला ते लग्नाला येईनासे झाले, तेव्हा मला पहिल्यांदा त्यांची काळजी वाटली. एकशेवीस तास झाल्यावर पैसे संपले. त्यांनी दोनांतला चांगला लेथ विकला आणि कमी पडलेल्या पैशांसाठी उरलेला रात्रंदिवस चालवला.

त्याच महिन्यात मी व्याजाचा चेक का आला नाही म्हणून चौकशीला गेलो, तर कंपनीच्या दाराला कुलूप होतं आणि बाहेर दोनशे माणसं उभी होती. पैलवानही त्यांच्यातच होता. त्यानं आपल्या आईचे पैसेसुद्धा तिथंच घातले होते. मी घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसलो. संध्याकाळी साडू आले. मला वाटलं, आता माझी चामडी सोलणार. त्यांना तसा हक्कही होता. ते म्हणाले, "पावणं, पोरीचा एक इंग्रजी फारम भरायचा हाय, तुमचं अक्षर बरं हाय," आणि माझ्यासमोर कागद ठेवला. त्या दिवसापासून आजपर्यंत त्यांनी त्या कंपनीचं नाव काढलेलं नाही. माझ्यासमोर दुसऱ्या कोणी काढलं तर ते उठून चालू लागत आणि त्या माणसालाही दंडाला धरून घेऊन जात. त्यांच्याएवढा मोठा माणूस माझ्या नात्यात दुसरा नाही, हे मी त्यांना कधी सांगितलेलं नाही.

दोनशे तास पुरे झाले. लायसन आलं. नोकरी लागायला आणखी दीड वर्ष गेलं, आणि मग एके दिवशी आमची पोर गणवेश घालून खरोखरीच्या विमानात बसली. तोवर साडूंकडे मोबाइल आला होता. बापलेकीत असं ठरलं की विमान कुठंही उतरलं की तिनं एक मिस कॉल द्यायचा. पैसे पडत नाहीत आणि बातमी पोचते. मी पेन्शनीत निघाल्यापासून दुपारी शेडवर जाऊन बसायचो. फोन दोनदा वाजून थांबला की साडू काम चालू ठेवूनच म्हणत, "उतरली." मग तासाभरानं पुन्हा, "उतरली." कुठं, ते त्यांना कधीच माहीत नसे.

दिवाळीला आली तेव्हा ती मला म्हणाली, "काका, हल्ली मी फोन कट करत नाही. वाजू देते. एकदा तरी उचलतील म्हणून." मला ते लागलं. त्या दोनशे तासांसाठी या माणसानं एकेक पैसा असा मुठीत धरला होता की ती मूठ आता त्यालाच उघडता येत नव्हती.

पुढच्याच आठवड्यात मी शेडवर होतो. लेथवर पंपाचा एक पितळी भाग, बूश, कातायला लावलेला होता. फोन वाजायला लागला. दोनदा, तीनदा, चारदा.

"उतरली," साडू म्हणाले.

"घ्या की तो फोन," मी म्हटलं.

"तिचं पैसं जात्यात." फोन वाजतच होता. "आन् घेऊन बोलू काय? मला इमानातलं काय कळतंय?"

"तुम्ही काही बोलू नका. तिला बोलायचंय," मी जरा जोरातच म्हणालो. इतक्या वर्षांत मी त्यांच्यावर आवाज चढवलेला नव्हता.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि लेथ बंद केला. काम अर्धं कातलेलं असताना मशीन थांबवताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. फडक्याला हात पुसून त्यांनी फोन कानाला लावला आणि "हं" एवढंच म्हणाले. पलीकडून तिचा आवाज येऊ लागला. भरभर, न थांबता. शब्द मला कळत नव्हते. मध्येच तो आवाज थांबला. बहुधा तिनं फोन ठेवू का म्हणून विचारलं असावं.

"बोल की," साडू म्हणाले. "जाऊ देत पैसं."