काकांची चामड्याची हॅट

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत डोक्यासाठी टोपी बाळगणारी माणसं रग्गड सापडतील. टोपीसाठी डोकं बाळगणारे मात्र एकटे माझ्या मावशीचे यजमान. कन्हेरी गावचे, पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणाऱ्या घरातले. गावभर पांढऱ्या टोप्या असताना नव्वद सालच्या सुमाराला काकांनी रुंद काठाची चामड्याची हॅट घ्यायचं मनावर घेतलं. पुण्याला मीच बरोबर गेलो होतो. दुकानदारानं आरसा पुढं केला, तो त्यांनी बाजूला सारला. हॅट हुंगली, काठ वाकवून सोडला, आतल्या शिवणीवरून अंगठा फिरवला, मग ती डोक्यावर ठेवून मान गदागदा हलवली. म्हणाले, "आरशाला काय कळतंय? डोस्क्याला इचारायचं." आणि पुन्हा थोडं थांबून, "मेंढराचं कातडं न्हाय न्हवं? न्हायतर घरचंच माणूस डोक्यावर घेतल्यागत व्हईल." दुकानदार हसला. काका हसले नाहीत.

पुढं मावशी गेली. मूलबाळ नव्हतं, घरात काका एकटे उरले, आणि त्या हॅटची बडदास्त अशी वाढली की विचारू नका. रोज मऊ फडक्यानं धूळ पुसायची, बोटाच्या टोकाएवढं तेल चोळायचं, उचलायची ती काठाला धरून आणि ठेवायची ती उताणी, नाहीतर काठ बसतो. कडक उन्हात चामडं तडकतं म्हणून काका हॅटवर छत्री धरायचे. पावसाचा थेंब पडला की हॅट सदऱ्याच्या आत आणि काका उघड्या डोक्यानं चिंब. एस.टी.त शेजारच्या बाकावर ती ऐसपैस बसलेली बघून कंडक्टर म्हणायचा, "आबा, हिचं तिकीट काढलं का?" एकदा मी न सांगता गेलो तर काका जेवत होते. समोर दुसरा पाट मांडलेला, त्यावर हॅट. मला बघून घाईनं म्हणाले, "तितं सावली असती." मला हसू आलं नाही.

मग इंदापूरला माझ्या बहिणीचं लग्न निघालं. घरच्या वडीलधाऱ्यांना फेटे बांधायचं काम मामेभावाकडं होतं. काका पहिल्या रांगेत ताठ बसले होते. मामेभाऊ त्यांच्यापाशी आला, हॅटकडं बघितलं आणि आदबीनं म्हणाला, "काकांची टोपी नगं इस्कटायला." तो पुढं गेला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, हेच वाईट. सगळी रांग गुलाबी झाली आणि मधेच काका तपकिरी.

मी जवळ जाऊन बसलो. म्हटलं, "काका, तुम्हीच काढून ठेवायची होती की."

"आपणहून कशी काढायची?" काका अक्षतांच्या तबकाकडं बघत म्हणाले. "तुझी मावशी उंबऱ्यातच वरडायची, काढा ती टोपी म्हणून. मी मुद्दाम काढायचो न्हाय, अजून एकदा वरडावं म्हणून. आता दिसभर घालून बसलो तरी कोण म्हणत न्हाय."

मी मामेभावाला हाक मारली, एक फेटा मागून घेतला, आणि चारचौघांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं काकांवर खेकसलो, "काढा आधी ती टोपी!"

काकांनी नाही काढली. खाली मान घालून बसले, पुन्हा म्हणायची वाट बघत.