समोरच्या गच्चीवरचं माकड

वैशाली नगरात आमच्या समोरच्या गच्चीवर एक सत्तरीची बाई रबरी मुखवटे जपायची. राक्षस, चेटकिणी, एक म्हातारं माकड. जयपूरच्या उन्हाळ्यात ते मऊ पडून पिचकायचे, म्हणून ती त्यांत फुगणारा फोम भरायची. घरात नाही, उघड्यावरच. हातात मोजे, नाकावर पट्टी, डोळ्यांवर गॉगल. वाळूच्या बादलीत मुखवटा उलटा रोवून थोडासाच फोम सोडायची, तो वाळला की पुन्हा थोडा. माकडाच्या वेळी घाई झाली होती. त्याचे गाल सुजले ते सुजलेच.

एका रविवारी तिचा मुलगा पोतं घेऊन वर आला. मीही आमच्या गच्चीवर अडगळच काढत होते.

"मम्मी, सब सड़ गए हैं. नीचे कबाड़ी खड़ा है."

तिने मानही वर केली नाही. "मुँह पिचक गया तो फेंक देगा? पहले मुझे डाल बोरी में."

तो पोतं धरून तिथेच उभा राहिला.

"खड़ा क्या है? बाल्टी पकड़. हिलाना मत."

त्याने पोतं टाकून बादली धरली. खालून भंगारवाल्याने हाक मारली, तशी ती उठली आणि सुजलेल्या गालांचं माकड तिने कठड्यावर ठेवलं, बरोबर खाली भंगारवाल्याकडे तोंड करून.