वांग्यावरचा संकासुर

दादू शिरधनकरने आयुष्यभर एसटीत तिकिटं फाडली आणि दर शिमग्याला नऊवारी नेसून नमनात मावशी केली. यातली नोकरी कुठली आणि सोंग कुठलं, हे त्याला निवृत्तीनंतरही सांगता येत नसे. नमन म्हणजे देवाच्या नावाने सुरू होऊन देवालाच लाजवणारा गावचा खेळ. गवळणींना बाजाराला नेणारी ही थोराड मावशी रंगणात आली की बायका पदरात तोंड खुपसून हसत. हशा भरात आला की मागून काळ्या वेशात, उंच टोपी नि पांढरी दाढी हलवत संकासुर यायचा आणि हसणारी पोरं आयांच्या कुशीत शिरायची. तो संकासुर म्हणजे भागोजी.

पुढे भागोजीचे गुडघे गेले. टोपी विनीत नावाच्या तरण्या मास्तराच्या डोक्यावर गेली. गेल्या शिमग्याला भागोजीने त्याचं काम पाहिलं, "संकासुर कसला, कोळशाचं पोतं नाचतंय" असं चारचौघांत म्हटलं आणि घरी जाऊन बसला. यंदा पालखी दारात आली तरी खुर्चीतून उठणार नाही, असं त्याने जाहीर करून टाकलं. देवाची दादूला काळजी नव्हती, देव पुढच्या दारात नाचला असता. पण मावशीला वयाची अट नसली तरी असुर लागतो. भागोजी समोर नसेल तर ती साडी नेसायची कोणासाठी?

अशात परसातल्या वांग्याच्या देठावर दादूला एक किडा दिसला. मुगाच्या दाण्याएवढा, काळाकुट्ट. दोन बाजूंना शिंगं, पाठीवरून उठून मागे वाकलेला काटा म्हणजे थेट टोपी, आणि बगलेत पांढरी लव. दाढीसुद्धा होती लेकाला. दादू तसाच भागोजीकडे गेला.

"असुरा, तुझा वारस माझ्या वांग्यावर बसलाय."

भागोजीने डोळेही उघडले नाहीत. "फोटो दाखव. संकासुर दिसला तर येईन शिमग्याला. नाय दिसला तर परत ह्या दारात यायचं नाय, मावशे."

कॅमेरा होता. पुतणी अक्षयाने नवा घेतला तेव्हा जुना, जवळून फोटो काढायच्या भिंगासकट, काकाला दिला होता. पण इतकं जवळ गेलं की भिंगाची सावली किड्यावरच पडे, आणि शिंगांपासून पायापर्यंत सगळं स्पष्ट यायला भिंगाचं तोंड बारीक करावं लागे. मग आत उजेड शिरायचा कुठून? फ्लॅश हवा, अक्षया म्हणाली. घरातही घाई होती. दादूच्या बायकोने, चिमाने, राखेचं टोपलं तयार ठेवलं होतं. तिच्या मते तो असुरबिसुर नव्हता, वांग्याचा रस पिणारा चोर होता.

एसटी स्टँडजवळच्या दुकानदाराने गोल फ्लॅश सुचवला, भिंगाभोवती बांगडीसारखा बसणारा. दातांचे डॉक्टर तोच वापरतात म्हणे. अक्षयाने ओळखीच्या दंतवैद्याकडून मागून आणला. फोटो आला तो सपाट, सावलीचा पत्ता नाही, पाठीवर पांढरी बांगडी चमकतेय. किडा कसला, किडलेली दाढ. मग तिने मित्राचा जोडफ्लॅश आणला. भिंगाच्या दोन बाजूंना दोन दिवे, खेकड्याच्या नांग्यांसारखे. त्या नांग्या पुढे आल्या मात्र, संकासुर टुणकन उडून पलीकडच्या झाडावर गेला. पुन्हा सापडला तेव्हा फोटोत शिंगांची टोकं तेवढी दिसली. अंग काळंच.

आता दादूमधला नट जागा झाला. काळा चेहरा उजेडात उठत नाही तेव्हा नट काय करतो? पावडर लावतो. त्याने चिमाचा डबा आणला, तळहातावर चिमूटभर घेऊन हळूच फुंकर मारली, फोटो काढला आणि शहाण्या माणसाने लपवला असता तो फोटो भागोजीला नेऊन दाखवला.

भागोजीने बराच वेळ पाहिला. "हा संकासुर नाय," तो म्हणाला. "ही तू. पिठात पडलेली. ऊठ आता." पण हे म्हणताना त्याच्या मिशीचं एक टोक हललं, आणि दादूने तेवढीच मुदतवाढ धरली.

घरी येताना त्याला स्वतःचीच पावडर आठवली. पूर्वी रंगणात समोर गॅसबत्ती असे. तिच्या झगझगीत उजेडात घाम फुटून पावडर ओघळे आणि मावशीच्या गालावरचे खुंट गावाला दिसत. म्हणून आपला प्रवेश आला की दादू बत्ती हळूच मागच्या कोपऱ्यात सरकवी आणि तिच्यापुढे जुनं धोतर टांगी. निव्वळ रूपाची काळजी. त्यानंतर संकासुर यायचा तो त्या मऊ उजेडाच्या पुढून. आधी टोपीची कड उजळायची, मग खांदा, मग दाढी. दादू रस्त्यातच थांबला. मागून रिक्षावाल्याने हॉर्न मारून त्याचं कूळ काढलं.

अक्षयाला त्याने सांगितलं, बांगडी नको, नांग्या नकोत. साधा एकच फ्लॅश दे, पण कॅमेऱ्यापासून सुटा, लांब धरला तरी पेटणारा. तिच्याकडे तसाच एक पडून होता. त्याला दादूने धोतराचा तुकडा बांधला. सकाळच्या गारव्यात किडा सुस्त होता. चिमाने एका हातात फ्लॅश झाडामागे तिरका धरला, दुसऱ्या हातात राखेचं टोपलं.

"लवकर करा अवो," ती म्हणाली. "तुमचं झालं की मी ह्याचं करते."

फोटो भागोजीच्या हातात गेला. काळोखातून शिंगं उठलेली, टोपीवर उजेडाची बारीक रेघ, बगलेतली दाढी धुरासारखी. भागोजी खुर्चीत पुढे सरकला.

"बत्ती कुठं होती?"

"मागं. कोपऱ्यात. धोतराआड."

भागोजीने फोटो पुन्हा डोळ्यांजवळ नेला. इतकी वर्षं पोरं आईला बिलगायची ती आपल्या पावलाला, आपल्या नजरेला भिऊन, असं तो धरून चालला होता.

"धोतर तू टांगायचास?"

"माझे खुंट दिसायचे रे."

"आणि आता?"

"आता मंडळानं हॅलोजन घेतलाय. समोरून मारतात."

भागोजीने गुडघ्यांवर हात ठेवले, एक शिवी बत्तीला दिली, एक मावशीला, आणि उठला. "म्हणजे त्या मास्तराचं काय चुकलं नव्हतं," तो म्हणाला. "धोतर आहे ना अजून? आण. शिमग्याला मी दिव्याजवळ बसणार. आणि तू दिव्याला हात लावायचा नाय. तुझे खुंट दिसले तर दिसूदेत."

दादू घरी आला तेव्हा वांगी राखेने पांढरी झाली होती आणि संकासुर शेजारच्यांच्या वांग्यावर बसला होता.