विसरला असेल

विलास गेल्याचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. मंगळवारची दुपार. माझी भावजय रेश्मा नुसती रडत होती आणि तिला धीर द्यायचं सोडून मी विचारलं, ‘‘गाडीवर होता ना? हेल्मेट विसरला असेल...’’ तिनं नाक पुसलं. मग म्हणाली, ‘‘ताई, ते दुकानात खुर्चीवर बसले होते. हार्ट अटॅक आला.’’ धाकटा भाऊ पन्नाशीत गेला आणि थोरल्या बहिणीच्या तोंडून पहिलं काय निघालं, तर त्याची चूक! याला आता दोन महिने होत आले. ते वाक्य काही केल्या माझ्या कानातून जात नाही.

आमचं गाव पनवेल आणि उरणच्या मध्ये, खाडीला लागून. वडिलांची खारजमीन होती. खाडीचं पाणी अडवायला बांध, आणि त्या बांधाला उघाडी, म्हणजे लाकडी दार. भरती चढायच्या आत ते लावायचं, एवढंच काम. एका अमावास्येच्या दुपारी ते विलासवर सोपवलं होतं. तेव्हा तो सोळा वर्षांचा. शेजारच्या बांधावर कुणाचं तरी पाणी ओढायचं इंजिन बंद पडलं होतं, हा ते उघडून बसला. इंजिन सुरू झालं, पण तोवर खारं पाणी आमच्या उभ्या भातात शिरलं होतं. पुढची तीन वर्षं त्या शेतात धड पीक आलं नाही. वडील काही बोलले नाहीत. आई मात्र बोलायची थांबलीच नाही. ‘‘याला काय सांगू नका, यो आळशी हाय,’’ हे तिचं वाक्य घरातल्या प्रत्येक लग्नाकार्यात ऐकू यायचं. विलास आपला मांडवात खुर्च्या लावत हसत असायचा.

आणि मी? मी शिक्षिका. पनवेलच्या शाळेत तीस वर्षं शिकवलं. दरवर्षी पाचवीच्या वर्गात मी ही उघाडीची गोष्ट सांगायचे, फक्त मुलाचं नाव बदलून. शेवटी विचारायचे, ‘‘मग, काय शिकलो आपण?’’ सगळा वर्ग एका सुरात ओरडायचा, ‘‘आळस करू नये!’’ मला ती माझी फार यशस्वी गोष्ट वाटायची. चार चार तास जेवणाची शुद्ध न राहता दुसऱ्याचं इंजिन दुरुस्त करणारा मुलगा आळशी कसा, हा प्रश्न एकाही पोराला पडला नाही. बाईंनाच पडला नव्हता, तर पोरांना कुठून पडणार?

पुढे त्यानं पंखे-मिक्सर दुरुस्तीचं दुकान टाकलं. हात सोन्याचे, पण ‘उद्या देतो’ म्हटलेला पंखा पंधरा दिवसांनी मिळायचा. गेल्या वर्षी त्याच्या मुलीच्या शाळेनं तिला डॉक्टरांकडे पाठवलं. एका जागी लक्ष टिकत नाही म्हणून. डॉक्टर मुलीबद्दल एकेक प्रश्न विचारत होते आणि हा शेजारी बसून म्हणत होता, ‘‘डॉक्टर, ह्ये तर माझंच सांगतायसा.’’ मग त्याचीही तपासणी झाली. एडीएचडी, म्हणजे लक्ष हवं तिथे टिकत नाही, नको तिथे अडकून बसतं. जन्मापासूनच होता, ओळखला गेला एकोणपन्नासाव्या वर्षी.

दुसऱ्याच दिवशी तो फाइल घेऊन माझ्याकडे आला. चहाला हातसुद्धा लावला नाही. ‘‘ताय, मी आळशी नव्हतो. यात लिवलंय बघ. एक काम करशील? आयला सांग. माझं ती नाय ऐकनार. तू मास्तरीन हायस, तुझं ऐकंल.’’ मी फाइल उघडलीसुद्धा नाही. म्हटलं, ‘‘पन्नाशीला आता कसली नवी नावं? आमच्या वेळी याला धांदरटपणा म्हणायचे.’’ तो हसला. त्याला दुसरं काय येत होतं! मग मीच म्हटलं, ‘‘बरं, गणपतीला गावी येईन तेव्हा सांगते.’’

गणपतीला गेले. आई ओटीवर एकटीच वाती वळत बसली होती. विलास दारातून माझ्याकडे बघत होता. मी उठले आणि आत नारळ खवायला गेले... खरं सांगते, मला भीती वाटली. विलास आळशी नव्हता हे एकदा तोंडानं मान्य केलं असतं, तर तीस वर्षांत मी शेवटच्या बाकावर उभी केलेली कितीतरी पोरं ओळीनं समोर आली असती. त्यापेक्षा भावाला धांदरट म्हणणं सोपं होतं.

दर रविवारी सकाळी त्याचा फोन यायचा. दोनदा त्यानं विचारलं, ‘‘आयला बोललीस?’’ मी म्हटलं, बघू. त्यानंतर विचारणं बंद झालं. नळाचं पाणी, मुलीची परीक्षा, माझे गुडघे, असलंच बोलायचा. मी मनात म्हटलं, विसरला असेल, सवयच आहे त्याची. आणि मला हायसं वाटलं.

तेराव्यानंतरच्या रविवारी मी गावच्या घरी होते. आई खाटेवर, रेश्मा स्वयंपाकघरात. बरोबर दहाला टीव्हीवर ठेवलेला विलासचा मोबाइल वाजला. अलार्म होता. ‘‘त्यांनी सगळ्यासाठी लावून ठेवलेत,’’ रेश्मा आतून म्हणाली. ‘‘गॅस, दुकानाची चावी, आईंची गोळी. डॉक्टरांनीच सांगितलं होतं.’’ मी बंद करायला उचलला. पडद्यावर लिहिलं होतं : ‘तायला फोन. आयला बोललीस का, विचारायचं नाय. तिला अवघड जातं.’

मी तशीच जाऊन आईच्या खाटेवर बसले आणि सगळं सांगितलं. डॉक्टरांचं निदान, फाइल, उघाडी, माझा वर्ग, काही ठेवलं नाही. आईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, ‘‘आता मना कशाला सांगतेस? त्याला सांगाचं व्हतंस.’’

अलार्म अजून तसाच आहे. दर रविवारी मी गावी जाते. दहाला तो वाजला की आई माझ्याकडे बघते. मला तिच्याकडे बघवत नाही.